घरचीच म्हणून

४ मार्च

चि. ठोंब्यास अनेक आशीर्वाद.

आम्ही बरे आहोत. तू वेळेवर जेवतोस ना, की बंदुका पुसता पुसता विसरतोस? एक विचारायचं होतं. हवेच्या बंदुकीचा जोर मोजतोस म्हणजे नक्की काय करतोस? ह्यांना दिलीस ती तशीच मोजली होतीस ना? मला कळेल असं लिही. उगाच आपली चौकशी.

रागावते, तरी तुझीच,
ताई

११ मार्च

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

अगं, चौथीत अक्षरासाठी मला धपाटे घालणारी तू, आणि तुझ्याच ओळी उतरणीला लागल्यात! चष्मा कर आता, म्हातारे.

ऐक. छर्रा यंत्रातून जातो, वेग कळतो. वेग आणि छऱ्याचं वजन यांवरून जोर काढायचा. तो ज्यूलमध्ये मोजतात. आमच्या दुकानातून द्यायच्या बंदुकीला मर्यादा सोळाची. मेख अशी, की भाऊजींच्यासारख्या, हवा भरून ठेवायच्या बंदुकीत छर्रा जड घातला की जोर वाढतो. म्हणून हलका, मधला, जड अशा तिन्ही छऱ्यांनी मोजायचा नियम आहे. परक्यांची बंदूक मी तशीच तपासतो. भाऊजींची घरचीच, त्यात त्यांची गाडी सुटत होती, म्हणून एका हलक्या छऱ्यावर भागवलं. पंधरा भरले, तपासल्याची चिठ्ठी सही करून लावून दिली. जड छरे वापरू नका म्हणावं त्यांना. बाकी काळजी नको.

तुझ्या शिव्यांची वाट बघणारा,
ठोंब्या

१९ मार्च

चि. ठोंब्यास आशीर्वाद.

तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. आता लपवत नाही. गेल्या महिन्यात हे मागच्या अंगणात फळीवर नेम धरत होते. फळीपलीकडे मी कपडे वाळत घालत होते, ह्यांना ठाऊक नव्हतं. छर्रा आरपार आला. माझा उजवा डोळा गेला रे. छरे जड होते. दुकानात तेवढेच मिळाले.

तेव्हापासून हे माझ्या तोंडाकडे बघत नाहीत. ताटावर बसतात आणि घास चिवडत राहतात. म्हणतात, तुझ्या भावाने नीट मोजून दिली होती, पाप माझंच. तुझी चिठ्ठी बघून चौकशीला आलेल्या तपासनीसांनीही बंदूक पुन्हा मोजली नाही, नुसती ठेवून घेतली. ह्यांना पत्र दाखवलं तर तुझं काम जाईल. नाही दाखवलं तर हे खंगून जातील. मला दोघंही हवेत. फाडू की दाखवू, तूच सांग.

तुझ्यावर अजून तेवढीच माया असलेली,
ताई

२६ मार्च

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

फाडू नकोस. भाऊजींना वाचून दाखव.

काल तपासनीसांकडे गेलो. त्यांच्यासमोर तीच बंदूक जड छऱ्याने मोजली. एकोणीस भरले. चिठ्ठीवरची सही माझी, मोजणी अर्धवट, असं लिहून दिलं. बंदुका तपासायचा माझा परवाना त्यांनी काढून घेतला. दुकानाच्या मालकांनी विचारलं, एवढा काटेकोर तू, चुकलास कसा? घरचं काम होतं, म्हणालो. छरे अडवायला ती फळी पुरेल असं ऐटीत मीच सांगितलं होतं, याचीही भाऊजींना आठवण दे.

रविवारी येतो. त्यांनी मला उभं केलं नाही तरी चालेल, पण पोटभर जेवावं.

आणि ताई, माझ्या त्या पत्राची सुरुवात तेवढी त्यांना वाचून दाखवू नकोस. चष्म्याची.

तुझ्या धपाट्यांना अजून पात्र असलेला,
ठोंब्या