लातूरमार्गे चंद्रावर

गुरुजी,

एक तक्रार आहे, आणि ती मी विधिवत मांडणार आहे. काल संकष्टी होती. चंद्र समोरच्या घराच्या पाण्याच्या टाकीवर येऊन बसला होता, चांगला हातभर वर, आणि मी ताटापुढे बसून तो उगवायची वाट बघत होतो. कारण आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरावर चंद्रोदयाची वेळ छापलीय ती मुंबईची. इतर शहरांच्या वेळा मागच्या पानावर बारीक अक्षरांत आहेत, त्यांत आपलं अहमदपूर नाही. मी म्हटलं, "अगं, दिसायलाय की समोर." बायको म्हणाली, "दिसू द्या. अजून वेळ व्हायची हाय." मी रेखांश समजावून सांगितले, आपण मुंबईच्या पूर्वेला आहोत, इथे चंद्र सतरा मिनिटं आधी उगवतो हे सांगितलं. ती म्हणाली, "ह्या साली उपास पोरीसाठी धरलाय. एका मिनिटाची चूक नको." मोदक गार झाले. अस्मादिकांची ही अवस्था.

तुम्ही असता तर हा अनाचार झाला नसता. शाळेच्या फाटकाजवळच्या फळ्यावर, जिथे बाकीचे दिवस सुविचार असायचा तिथे, दर संकष्टीला तुम्ही खडूनं लिहायचात: अहमदपूरचा चंद्रोदय, इतके वाजून इतकी मिनिटं. सगळी गल्ली त्यावर उपवास सोडायची. समोरच्या कापड दुकानातले आप्पा गादीवरूनच ओरडायचे, "गुरुजी, सरकारी चंद्र येगळा आन् तुमचा येगळा हाय का वो?" आणि तुम्ही हातावरची खडूची भुकटी झटकत म्हणायचात, "चंद्र एकच आहे, आप्पा. आपलं गाव वेगळ्या जागी आहे." मला तेव्हा तो विनोद वाटायचा.

आठवीत मी तुम्हाला चंद्राची एकोणीस संस्कृत नावं एका दमात म्हणून दाखवली होती. शाबासकी मिळेल म्हणून मी उभाच राहिलो. तुम्ही विचारलंत, "काल तो कोणत्या झाडामागून वर आला?" मला सांगता आलं नाही. "मग खाली बस," एवढंच म्हणालात. छडी परवडली असती. पुढच्याच महिन्यात आप्पांच्या दुकानातून ताग्याची पुठ्ठ्याची नळी आली, नांदेडच्या चष्मेवाल्याकडून दोन भिंगं आली, आणि तुम्ही केलेली ती दुर्बीण शाळेच्या ओट्यावर लागली. गल्लीतली प्रत्येक म्हातारी रांगेत. एक जण नळीला डोळा लावून म्हणाली, "अगं बया, लई खड्डे हायेत की. आपल्या रोडावानीच." आप्पांनी मात्र मुद्द्याचं विचारलं. "गुरुजी, माणसं गेली म्हणतेत तिथं. एवढा पैसा घालून आणलं काय? दगड." तुम्ही म्हणालात, "दगड आणले. आणि तिथून पृथ्वी कशी दिसते ते आणलं." "ते बघायला इतक्या लांब जायाचं व्हय?" "घरात बसलेल्याला घर कुठून दिसणार, आप्पा?" आप्पा हसले, पण त्यांचं समाधान झालेलं दिसलं नाही. तुमचंही झालेलं नव्हतं. घरी जाताना तुम्ही मला म्हणालात, आप्पांचा पूर्वपक्ष भक्कम आहे, तो आधी त्यांच्याहून चांगला मांडायला शीक, मग उत्तर दे.

म्हणून आधी पूर्वपक्ष मांडतो. मी ज्या शाळेत संस्कृत शिकवतो (अजून शिकवतो, विद्यार्थी अकरा) तिथली प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट आहे, त्याची किल्ली हरवून बरेच दिवस झाले, आणि किल्ली सापडल्यानं आत काही सापडेल असं कोणालाच वाटत नाही. चंद्रावर आपलं यान उतरलं त्या संध्याकाळी आम्ही पोरांना शाळेच्या हॉलमध्ये टीव्हीसमोर बसवलं होतं. ऑगस्ट असून पावसाचा पत्ता नव्हता. यान चंद्राच्या दक्षिण टोकाकडे निघालं होतं, जिथे पाण्याचं बर्फ असावं म्हणतात. शेवटची काही मिनिटं उरली असताना शिपाई दारात येऊन म्हणाला, "सर, टँकर आलाय," आणि अर्धा स्टाफ चंद्रावरचं पाणी सोडून गल्लीतलं पाणी भरायला पळाला. आमचे गणिताचे सर हदगावचे आहेत, ते बादली भरून परत आले आणि म्हणाले, "बगा, तिकडं शोधायलेत, इकडं धावायलेत." ह्याहून चांगला पूर्वपक्ष मला मांडता येणार नाही.

उत्तरपक्ष मी त्या दिवशी मोठ्या तोऱ्यात मांडला होता. म्हटलं, तो पैसा चंद्रावर नेऊन पुरत नाहीत, इथल्याच कारखान्यांत, इथल्याच पगारांत जातो. वादळ कधी येणार ते आकाशातूनच कळतं. आणि समजा गेलोच नसतो, तर त्या पैशाच्या परीक्षानळ्या आपल्या कपाटात आल्या असत्या का? गणिताचे सर बादली उचलून निघून गेले. मी जिंकलो. आता इतक्या दिवसांनी त्या विजयाकडे बघतो तेव्हा त्यात फक्त निराशा दिसते. न जाता नळ्या येणार नव्हत्या, जाऊनही आल्या नाहीत. गेलो काय, राहिलो काय, कपाटाला फरक पडत नाही. असला उत्तरपक्ष तुमच्यापुढे मांडला असता तर तुम्ही "मग खाली बस" म्हणाला असतात.

त्या संध्याकाळी माझी मुलगी माझ्या शेजारी बसली होती. नववीत होती. यान टेकलं तेव्हा तिनं माझं मनगट इतकं दाबलं की घड्याळाचा पट्टा रुतला. पोरं नाचत होती आणि ही तशीच बसलेली, डोळे पडद्यावर. तिनं विचारलं, "बाबा, असं यान बनवायला जायचं असलं तर सुरुवात कुठून करायची?" मी काही बोलायच्या आत शिपाई म्हणाला, "लातूरहून, ताई. साडेसातची बस हाय." सगळे हसले. मीही. आणि दहावी झाल्यावर आम्ही तिला खरोखरच लातूरला नेऊन सोडलं, त्याच बसनं. तिथे मोठे क्लास आहेत, होस्टेलं आहेत, गल्लोगल्ली मुलांचे फोटो लावलेले फलक आहेत. निघताना तिनं तुमची दुर्बीण मागून घेतली. निवृत्तीच्या दिवशी तुम्ही ती माझ्या हातात देऊन म्हणाला होतात, "माझे डोळे गेले. आता तू बघ, आणि कुणाला तरी दाखव." मी ती तिला दिली. दाखवलं, असं मला वाटलं.

मागच्या रविवारी तिला भेटायला गेलो. चार खाटांची खोली. खिडकी उघडते ती शेजारच्या इमारतीच्या भिंतीत. चाचणीत मागे पडली म्हणून तिला वरच्या बॅचमधून खालच्या बॅचमध्ये टाकलंय, हे मला तिनं नाही, भिंतीवरच्या यादीनं सांगितलं. खाटेखाली तुमची नळी होती. तिच्यात चाचण्यांचे पेपर गुंडाळून कोंबलेले. मी मेसमध्ये तिच्यासमोर बसून एक जुना श्लोक मोडून-तोडून भेंडीच्या भाजीवर बसवला, ज्यावर ती लहानपणी लोळून हसायची. ती म्हणाली, "हं." मी विचारलं, "चंद्र बघतेस का गं?"

"इथून दिसत नाही, बाबा."

"गच्चीवरून?"

"गच्चीला कुलूप असतं."

मग भात कालवत खाली बघून तिनं विचारलं, "बाबा, नाहीच झालं तर?" मी म्हणालो, "होईल गं, का नाही होणार?" गुरुजी, हे उत्तर नव्हतं. तिनं प्रश्न दुसराच विचारला होता.

निघताना रेक्टर बाई भेटल्या. भल्या आहेत, पोरींना वेळेवर जेवायला घालतात. मी संस्कृतच्या मास्तराच्या ऐटीत तक्रार केली, की आकाशाचा अभ्यास करू पाहणाऱ्या मुलींना तुम्ही आकाशच कुलपात घातलंय. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "पोरींच्या भल्यासाठीच हाय, सर. आता समदीकडं लावायलेत." मी हो म्हणालो, नमस्कार केला, रिक्षा केली. बस स्टँडवर अहमदपूरची गाडी लागली, चढलो, खिडकीशी जागा मिळाली, आणि गाडी आवाराबाहेर पडताना माझ्या डोक्यात त्या वाक्याचा अर्थ उतरला. कुलूप का लावतात ते. पोरी वर जातील म्हणून नव्हे, वरून खाली जातील म्हणून. उतरून परत जायला हवं होतं. मी तिकीट काढलं.

त्या यानाच्या आधी एक यान आपटलं होतं, तुमच्या माघारी. तेव्हा देशानं त्या माणसांच्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाले, हरकत नाही, पुन्हा जाऊ. आणि गेले. मी वर्गात त्यावर भाषण ठोकलं होतं. यानाला आपटायची मुभा असते, गुरुजी. हे मला माहीत होतं, पोरांना शिकवत होतो, आणि माझ्या सतरा वर्षांच्या मुलीनं भात कालवत तेवढंच मागितलं तेव्हा मी "होईल गं" म्हणालो. चंद्रावर जाणं परवडतं की नाही, आप्पा बरोबर की तुम्ही, मला आता ठरवता येत नाही. देशाचं देश बघेल. आमच्या घरानं काय पणाला लावलंय ते मला त्या खोलीत दिसलं, आणि ते मला परवडणारं नाही.

बायकोला कुलपाचं सांगितलेलं नाही. ती सतरा मिनिटं थांबते, थांबू दे. मी पुन्हा तिच्याशी रेखांशावरून वाद घालणार नाही.

तुम्हाला हे पत्र पोचणार नाही, म्हणूनच ते इतकं लांबलं. खरं सांगायचं तर मी तिला पत्र लिहायला बसलो होतो. कोऱ्या कागदावर "घरी ये, काही बिघडत नाही" एवढंच लिहायचं होतं, आणि उद्या सकाळच्या बसनं स्वतः नेऊन द्यायचं होतं. ते लिहिताना मनात आलं, की आली तर लोक काय म्हणतील. एवढं मनात आलं, गुरुजी. मग मी तो कागद उलटा केला आणि वर तुमचं नाव घातलं.