पिवळ्या पिनेची तळटीप

१ जून २०१३
मी माधव विनायक केळुसकर, वय चोपन्न, वाणिज्य शाखेचा पदवीधर. हॅम्बर्ग बंदरातील एका मालवाहतूक कंपनीत जहाजी कागदपत्रे तपासतो. होम थिएटरच्या नव्या रिसीव्हरची निवड नीट व्हावी, म्हणून ही वही.

निमित्त सासूबाईंचे. ३ मे रोजी आल्या. व्हिसा नव्वद दिवसांचा, विमान ३० जुलैला. काल जेवताना म्हणाल्या, "माधवराव, शहाण्णव साली इथे तुम्ही बोटीवर ह्यांचं चित्रण केलं होतंत. ती टेप आहे का हो? ह्यांना चालताना बघायचंय. शेवटची सहा वर्षं अंथरुणावरच गेली. चालायचे कसे, तेच डोळ्यांपुढे येत नाही."

टेप आहे. कॅमेरा चालतो. डबीवर सासऱ्यांचे नाव, माझ्या अक्षरात: "आप्पा, बंदर, ४० मि."

अडचण जोडणीची. टीव्ही भिंतीवर, भिंतीतून ओढलेली एचडीएमआयची एकच तार. बाकी सर्व रिसीव्हरमार्फत, आणि तो गेल्या महिन्यात बंद पडला. कॅमेऱ्याची तार जुन्या पद्धतीची: पिवळी पिन चित्राची, लाल-पांढरी आवाजाची.

१५ जून
तक्ता पूर्ण. अकरा रिसीव्हर, तेवीस रकाने. मुग्धाने (कन्या, मराठी समजते, उत्तर जर्मनमध्ये) खांद्यावरून पाहिले. "पापा, काउफ डोख एंडलिश!" आजीने अर्थ विचारला. नीलाने (पत्नी) सांगितला, "एकदाचा घ्या, म्हणतेय."
सासूबाई: "मुलगी बघायला आले तेव्हासुद्धा एवढे रकाने नव्हते गं."
नीला: "होते, आई. तुला दाखवले नाहीत."
सर्व हसले. मीही. (सात रकाने होते.)

२९ जून
दुकान. वयस्क विक्रेता, मितभाषी. मांडणीतला गेल्या वर्षीचा नमुना दाखवून म्हणाला, हाच घ्या. जुने चित्र आत घेतो आणि एचडीएमआयमधून बाहेर देतो, नव्यांत ती सोय काढत चालले आहेत. वरच्या पत्र्यावर बोटभर ओरखडा. मी तो दाखवला. "आल्झो (बरं तर)," तो म्हणाला, "कपाटात ठेवल्यावर कुणाला दिसणार?"
मला दिसला असता.
यंदाचा नमुना नोंदवला. एचडीएमआय सहा, मागे पिवळे छिद्रही आहे, स्वतः पाहिले. तीन आठवडे लागतील.

९ जुलै
श्पेरम्युल. मोठ्या टाकाऊ सामानाची पालिकेची गाडी; तारीख मे महिन्यातच घेतली होती. जुना काचेच्या नळीचा टीव्ही फुटपाथवर ठेवला.
नीला: "रिसीव्हर येईपर्यंत राहू द्या ना. ह्याच्यावर टेप लागेल."
मी: "तारीख मिळालेली आहे."
"तारीख तुम्हीच मागितली होतीत ना?"
सकाळी सातला गाडी आली. सोबत नव्या टीव्हीचे खोकेही दिले, न लागणाऱ्या तारांसकट.

२० जुलै
रिसीव्हर आला. दोन तासांत जोडणी. सासूबाई इस्त्रीची साडी नेसून समोर बसल्या.
आवाज आला. पडदा काळा.
वाऱ्याचा आवाज, बोटीचा भोंगा, मग आप्पा, स्पष्ट: "ह्याला उन्हाळा म्हणतात? माझे कान कुठे गेले बघा कुणीतरी." सासूबाई हसल्या, पदर डोळ्यांशी. मी तारा बदलत होतो.
पुढे लाकडी धक्क्यावर पावले. "थांबा! हात लावू नका. हे ह्यांचे पाय. उजवा दाबून टाकायचे." त्यांनी डोळे मिटले, जरी पडदा काळाच होता.
नंतर हळूच, "चित्र येईल ना हो?"
येईल म्हणालो.

२१ जुलै
माहितीपुस्तिका, पृष्ठ ११८, तळटीप: पिवळ्या पिनेतून आलेले चित्र पिवळ्या पिनेतूनच बाहेर जाते, एचडीएमआयमध्ये जात नाही. तक्त्यात या रकान्यात मी "आहे" लिहिले. छिद्र आहे, एवढेच खरे. लोकांच्या कागदांतल्या तळटिपा शोधण्यासाठी मला नोकरीवर ठेवले आहे.
टीव्हीला थेट जोडायची आखूड तार खोक्यात होती. खोके ९ तारखेला गेले.

२२ जुलै
दुकानात फोन. ओरखड्याचा नमुना विकला गेला. पिवळ्या पिनेचे चित्र एचडीएमआयमध्ये बदलून देणारी छोटी पेटी मागवली. पाच दिवस.

२९ जुलै
कामावरून आलो तर दारात चिठ्ठी: पार्सल खालच्या शेजाऱ्यांकडे दिले. घंटा तीनदा वाजवली. वरच्या बाई म्हणाल्या, "ते? दुपारीच उरलाउबवर, सुट्टीवर गेले. दहा ऑगस्टपर्यंत."
दुपारी नीलाबरोबर बाजारात जाऊन आलेल्या सासूबाई बॅग भरत होत्या. "असू दे हो. आवाज तर ऐकला." माझी समजूत त्या घालत होत्या.

३० जुलै
विमानतळ. नमस्कार केला. "चित्र आलं की कळवा हं, माधवराव." वय अठ्ठ्याहत्तर. पुन्हा येणे…

११ ऑगस्ट
शेजारी परतले. पेटी जोडली. चित्र उत्तम.
बंदरातल्या क्रेन. मग आणखी क्रेन. आप्पा बाकावर, मफलर, दोन मिनिटे. ते कानांचे बोलले तेव्हा कॅमेरा एका मालवाहू जहाजाचे नाव टिपत होता. नाव सुवाच्य आहे. मग आप्पा "चला" म्हणतात आणि चित्र खाली जाते. टेप वाचावी म्हणून मी कॅमेरा बंद केला होता, असे मला वाटले होते. तो हातात लोंबत चालूच राहिला. धक्क्याच्या फळ्या, माझी पँट, एकदा कडेने तपकिरी बुटांची जोडी येते. चार पावले. उजवे दाबून. घोट्याच्या वर काही नाही.
उरलेली टेप संग्रहालयातल्या जहाजांच्या प्रतिकृती.

१८ ऑगस्ट
त्यांचा फोन. "दिसले का हो चालताना?"
"जोडणी चालू आहे, आई."
फोन ठेवल्यावर नीलाने टेप मागे घेतली. ती चार पावले तिने पुन्हा लावली, पुन्हा लावली. मग म्हणाली, "हे बूट आईनेच घेऊन दिले होते. इथे यायचं म्हणून."
त्यांना पाठवायची तबकडी (डीव्हीडी) तयार केली आहे. टेपेच्या डबीवर लिहिले होते तसे हिच्यावरही लिहायला हवे. पेन हातात आहे. काय लिहावे, ते ठरलेले नाही.

मा. वि. केळुसकर
हॅम्बर्ग, १८ ऑगस्ट २०१३