वाईनने धुतलेली कवटी

आईच्या लाडक्या स्ट्रातिसला,

आपल्या रीतीप्रमाणे तीन वर्षांनी आईची हाडं कबरीतून काढून, वाईनने धुऊन पेटीत ठेवायचा दिवस, आणि तू सहकुटुंब नाक्सोस बेटावर येऊन समुद्रात डुंबत होतास. फोनवर म्हणालास, "ताई, पोरं घाबरतील गं. तू उरकून घे, पेटी भरली की बोलाव."

कबर उघडली, तर आई अजून मातीत मिसळलीच नव्हती. डोक्याचा काळा रुमालसुद्धा तसाच. पाद्रीबाबा म्हणाले, "अनेझिना, झाक परत. म्हातारी कुणाची तरी वाट बघतेय."

झाकली.

संध्याकाळी तू आलास, केसांत वाळू, बायकोच्या हातात कॅमेरा. अस्थिघरातली एक बेवारस पेटी उतरवून मी तिच्यावर आईचं नाव लिहून ठेवलं होतं. वाईनने धुतलेली कवटी छातीशी धरून तू "आई गं!" म्हणत ढसाढसा रडलास. फोटोही छान आला.

तो लिनार्दोस होता, आपल्या शेळ्या चोरणारा. आई त्याच्या नावाने थुंकायची.

हे पत्र मी टाकणार नाही. दर ऑगस्टला ये, त्याच्यापुढे दिवा लाव. आईच्या कबरीपाशी मी सांगून आलेय, "वाट बघू नकोस. तुझा लेक आता लिनार्दोसचा झालाय."

तुझी ताई,
अनेझिना