दोन चोक, दोन कागद

प्रिय बाबा,

तुम्हाला आणि आईला माझी मिठी. पाकीट मिळालं. अलास्कात अजून बर्फ आहे, पण मी वेळेवर जेवते. आईच्या कोंबड्या अंडी देतात का?

टर्की पक्ष्यांच्या शिकारीसाठी नळीच्या तोंडाला बंदुकीसोबत आलेला जुना चोकच ठेवावा की दुकानातून आणलेला नवा लावावा, असं तुम्ही विचारलंत. हॉइटकाका मला फोनवर म्हणाले, "बापाला सांग, त्या जुन्या चोकला आता टर्कीसुद्धा हसतात!"

तुम्ही एकेक चोक लावून, बार काढून पाठवलेले दोन्ही कागद मी भिंतीवर टाचले. बाबा, दोन्ही चोक चांगले आहेत. छर्रे दोन्हींतून दाटच पडलेत. पण दोन्हीकडे ते टर्कीच्या चित्रापासून वीतभर उजवीकडे गेलेत. छर्रे किती पसरायचे तेवढंच चोक ठरवतो. नेम तुमचा असतो, आणि तो कधी असा चुकत नव्हता.

त्याच बंदुकीनं काकांना एक बार काढायला सांगा. त्यांचे छर्रे मधोमध पडले, तर डॉक्टरला डोळे दाखवा. इतक्या लांबून मी तुम्हाला हाताला धरून नेऊ शकत नाही.

तोवर गाडी आईला चालवू द्या. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय, म्हणजे हे पत्र तिच्याकडून वाचून घ्यावं लागणार नाही.

तुमची लेक,
रोवीना