कागवाडच्या गाडीचं खरं काय ते, मी मेल्यावर वाचायचं

मी, पूर्णिमा आकाराम चौगुले, राहणार कबनूर, वय अठरा पूर्ण, शाळा नववीत सोडलेली, हे मृत्युपत्र माझ्या हातानं लिहिते. डोकं ठिकाणावर हाय. कुणी दम दिलेला न्हाय, कुणी फूस लावलेली न्हाय. आई पलीकडच्या खोलीत हाय आणि दोनदा विचारून गेली, काय लिव्हत्यास म्हणून. एवढी चौकशी कशाला, ते मला अजून कळलेलं न्हाय.

उद्या कोल्हापूरला माझं अपेंडिक्सचं ऑपरेशन हाय. डॉक्टर म्हणाले, अगदी बारकं ऑपरेशन. बारकं हाय तर आमच्या सह्या कशाला घेतल्या? त्यांनी त्यांचा कागद केला, मी माझा करते.

कलम १. माझा मोबाईल भाऊ पृथ्वीराजला. त्यातले मेसेज आधीच पुसल्यात, त्यानं शोधायची तसदी घेऊ नये. सायकल आईला. तिला चालवता येत न्हाय, पण पृथ्वीराजला दिली तर तो मोबाईल बघत चालवंल.

कलम २. माझा वर्ग. गल्लीतल्या बाळासोदादाचे माग बंद पडल्यावर त्याची शेड मोकळी होती. तिथं मी संध्याकाळी बायकांना वाचायला शिकवायची. दादाची आई धोंडुमावशी, तानाबाई आणि आणखी दोघीतिघी. मला चारचौघांत तोंड उघडत न्हाय. पण बायका पुस्तकात बघत असत्यात, माझ्याकडं न्हाय, म्हणून जमलं.

वर्गाचा फळा, खडू आणि पुस्तकं तानाबाईला. तिनं बाकीच्यांना पुढं शिकवावं. विश्वजितला काही द्यायचं न्हाय. तो डी.एड. झालाय आणि मी दवाखान्यात हाय तोवर वर्ग बघतो म्हणतोय. तीन वर्षं शेजारी राहून कधी डोकावला न्हाय, आताच कशी माया आली? त्याला फळ्यासमोर उभं राहून फोटो पायजे असणार. एकदा तानाबाईनं पुस्तकातलं 'आहे' बघून 'हाय' म्हटलं, तर हा दारात उभा राहून फिदीफिदी हसला. मी नववीत असंच वाचलं होतं. सगळा वर्ग हसला. दुसऱ्या दिवशी पोट दुखतंय म्हणून घरी राहिले ती कायमचीच. (तेव्हा पोट दुखत न्हवतं.) म्हणून वर्गाचा नियम लिहून ठेवते: 'आहे' बघून बाईनं 'हाय' म्हटलं तर ते बरोबर धरायचं. अर्थ कळल्याबिगर तिच्या तोंडात 'हाय' येतच न्हाय.

कलम ३. ह्याच्यासाठी सगळा कागद केला.

धोंडुमावशी कागलला बहिणीकडं जाते. गेल्या महिन्यात ती एकटी गेली आणि पोचली कागवाडला, कर्नाटकात. दुसऱ्या दिवशी परत आली. सांगितलं काय, तर "पाटीवर 'काग' वाचलं आणि चढलो, फुडं बघितलंच न्हाय." त्यावर बाळासोदादा शेडमध्ये येऊन सगळ्यांदेखत माझ्यावर ओरडला.

"माझ्या आईला परमुलखात धाडलीस की गं! अर्धं शिकवून माणसं हरवायचा धंदा काढलायस व्हय? ती निरक्षर हुती तवा बरोबर जात हुती!"

आणि शेडला कुलूप लावलं, तेव्हापासून वर्ग आमच्या अंगणात भरतो. मावशी त्याच्या मागं उभी होती, पदर तोंडाला लावून. आता गल्लीत मला 'अर्धी मास्तरीण' म्हणतात.

तर माझा संशय असा हाय. मावशीला 'ल' येतो. 'व' येतो, 'ड' येतो. चहाच्या पुड्यावरचं पार खालचं बारीक अक्षर वाचल्याशिवाय ती पुडा खाली ठेवत न्हाय. तीच बाई पाटीवरचं अर्धं वाचून चढंल? बरं, कंडक्टर 'कागवाड, कागवाड' म्हणून बोंबलत असतो. मावशीला ऐकायला चांगलं येतं, आमच्या घरातलं भांडण तिला तिच्या घरातनं ऐकू येतं.

आणि कुंची. महिनाभर ती वर्गात बसून बाळाची कुंची शिवत होती, लाल, कडेला मोती. बहिणीच्या नातवाला म्हणायची. बहिणीचा नातू शाळेत जातोय, त्याच्या गुडघ्याला बसंल ती कुंची.

कागवाडला कोण हाय? तिची लेक संयोगिता. तिनं तिथल्या लिंगायताच्या राजशेखरशी लग्न केलं, तेव्हापासून दादानं तिचं नाव घरात काढू दिलेलं न्हाय. म्हणजे मावशी चुकली न्हाय. नीट वाचून बसली, लेकीला आणि बाळाला बघून आली, आणि चूक माझ्या शिकवण्यावर ढकलली. दुसरं कुठलं कारण घरात चाललं असतं?

हे मी जिवंत असेपर्यंत बोलणार न्हाय. बोलले तर मावशीचं बाहेर जाणं बंद होईल. पण मी मेले तर हे कलम बाळासोदादाला मोठ्यानं वाचून दाखवावं. अर्धी मास्तरीण म्हणून मला जाळू नये.

कलम ४. साक्षीदार म्हणून धोंडुमावशीला बोलावलंय. ज्याला काही द्यायचं त्याला साक्षीदार करू नये असं मोबाईलवर बघितलं, म्हणून मावशीला काही ठेवलेलं न्हाय. साक्षीदारानं मजकूर वाचायची गरज नसते, हेही बघितलं.

खालचं सह्यांच्या आधी लिहिते, कारण घोटाळा झाला.

मावशी आली. मी कागद दुमडून म्हटलं, "हितं सही कर, बाकीचं बघू नगंस." ती म्हणाली, "न वाचता सही? कुणी शिकवलंय गं तुला?" आणि कागद ओढून घेतला. बोट ठेवून वाचत गेली. विश्वजितचं वाचून हसली. तिसऱ्या कलमात तिचं बोट थांबलं. मग पुन्हा सरकलं. शेवटापर्यंत वाचलं.

"कवा कळलं तुला?"

"कुंची बघून."

"मग बाळू वराडत हुता तवा का गप बसलीस?"

मी पेनाचं टोपण काढलं, परत लावलं.

"जितीपणी गप, आणि मेल्यावर बोलणार व्हय? लई शाणी हायस." तिचे डोळे भरले होते. मी म्हटलं, खोडते. म्हणाली, "ऱ्हाऊ दे. खरं हाय ते." आणि दारात जाऊन एवढ्या मोठ्यानं "बाळूऽऽ" केलं की आई पण बाहेर आली.

दादा आला. मावशी म्हणाली, "मी चुकलो न्हाय बाळू. पार शेवटचं अक्षर वाचून बसलो कागवाडच्या गाडीत, संयोगिताचं बाळ बघायला. ह्या पोरीनं नीट शिकवलंय. आता काय बोलायचं ते मला बोल."

मला वाटलं, आता हाणतो. दादा बाहेर गेला. कट्ट्यावर बसला. मग आत न येता तिकडूनच विचारलं, "पोरगा झालाय का पोरगी?"

"जाऊन बघ की," मावशी म्हणाली.

दुसरा साक्षीदार पायजे होता, तो तोच मिळाला.

ठिकाण: कबनूर, ता. हातकणंगले, जि. कोल्हापूर
मंगळवार, दि. ११ फेब्रुवारी २०२५

लिहून देणार: पूर्णिमा आकाराम चौगुले (सही)

साक्षीदार १: धोंडुबाई (सही. सगळं वाचून केली.)

साक्षीदार २: बाळासो (सही. वाचलं न्हाय. कागवाडला शेवटची गाडी कितीला हाय, विचारत होता.)