माळवालीची लेक

आई, आज माझा जीव नुसता शिणलाय. पालिकेच्या प्रसूतिगृहात एवढी वर्षं बाळांना लस टोचते, पण आजच्याइतकी डोकेफोड क्वचितच झाली असेल. सकाळी एक मुलगा जन्मला. त्याच्या आईच्या रक्तात तीच कावीळ निघालेली, जिनं तुला नेलं. अशा बाळाला पहिल्या दिवसाच्या आतच लस द्यावी लागते, नाहीतर ती कावीळ त्याच्या यकृतात जन्मभर ठाण मांडून बसू शकते. आणि त्याची आजी, चऱ्होलीची जुनी बाई, बाळाला पदराखाली घेऊन बसलेली. "पाचवी पुजल्याबिगर सुई न्हाई लावायची. सटवाई लिवून जाऊ दे आदी."

डॉक्टरांनी समजावलं, मी समजावलं, घसा कोरडा पडला. मग ती माझ्याकडे निरखून बघते. "तू माळवालीची लेक नव्हं? आगं, ह्याच्या बापाची कावीळ तुज्या आईनंच उतरवली. माळंनं उतरती, तर सुई कशापायी?"

मला एकदम आपलं स्वयंपाकघर दिसतं. तू चुलीपाशी बसून घेटुळीच्या मुळीचे तुकडे दोऱ्यात ओवतेयस. गळ्यात घातली की माळ सुकत लांबत जाते, पोटाशी आली की कावीळ उतरली म्हणायचं. ती पाण्यातून येणारी कावीळ, बहुतेकांची आपली आपण बरी व्हायची आणि नाव तुझं व्हायचं. रक्तातली वेगळी. पण दोन्हींना शब्द एकच, तिथंच सगळा घोळ. तुझी स्वतःची माळ बेंबीपर्यंत आली आणि डोळे पिवळेच राहिले. किती राग यायचा तुझा! दवाखान्यात चल म्हटलं की म्हणायचीस, "लोक काय म्हणतील? माळवालीच डाक्टरकडं गेली?"

यातलं काही मी आजीला सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, "आजी, आई जाताना मला सांगून गेली, ही कावीळ माळेनं जायची नाही, हिला सुईच लागती."

आजीनं बाळाकडं एकदा बघितलं. मग पदर बाजूला केला. "तिनं सांगितलंय व्हय? मग टोच."

टोचलं. पुढचे डोस आहेतच. सून माहेरी परभणीकडं जाणार, तिथं तिच्या मागं कोण लागणार, देव जाणे. मला तर आता खुर्चीतून उठवत नाहीये, आणि हे पत्र तरी कुठं टाकणार मी?

तू असं काही म्हणाली नव्हतीस. शेवटी बोलायचं त्राणच कुठं होतं तुला. पण आई, आजीला ते सांगताना मला क्षणभर खरंच वाटलं, तू म्हणाली होतीस. तेवढा वेळ तुझा राग आला नाही.