‘नाही’ लिहून द्या, पण अर्ज घ्या

प्रति,
मा. अधिष्ठाता,
सान एलियास वैद्यकीय महाविद्यालय,
सामार.

विषय : गुण कमी असूनही याच वर्षी प्रवेशअर्ज दाखल करून घेऊन हो की नाही ते लेखी कळवणेबाबत.

संदर्भ : आपल्या प्रवेश खिडकीवर वेळोवेळी मिळालेले तोंडी सल्ले. (लेखी एकही नाही.)

महोदय,

मी खाली सही करणार क्रिसांतो मकाबेंता, पुगाद बेटावरच्या आरोग्य केंद्रात मदतनीस आहे. जीवशास्त्राची पदवी आहे. सरासरी कमी आहे. रसायनशास्त्रात एकदा नापास, भौतिकशास्त्रात काठावर पास. त्या वर्षी आमच्याकडे मोठं वादळ झालं होतं, पण मी ते पुढे करत नाही. वादळ सगळ्या वर्गावर आलं, नापास मी झालो. आधीच सांगून टाकतो, म्हणजे शोधण्यात आपला वेळ जायला नको.

१. पदवी मिळाली त्याच वर्षी पात्रता परीक्षा देऊन मी फाईल घेऊन खिडकीवर आलो. मॅडम फेलिसा यांनी फाईल चाळली, गोड हसल्या, आतून तांदळाच्या केकचा, बिबिंकेचा तुकडा आणून हातावर ठेवला. "खा बाळा. गुण जरा कमी पडतायत बघ. सरासरी वाढव आणि पुढच्या वर्षी ये. घाई कसली?" फाईल परत दिली. मी आभार मानले आणि होडीत बसलो. होडी निम्म्यावर आल्यावर डोक्यात उजेड पडला, की पदवी तर संपली. संपलेल्या पदवीची सरासरी वाढवायची म्हणजे कापलेल्या कोंबडीकडे अंडं मागायचं.

२. तरी वाढवायला गेलो. दुसऱ्या कॉलेजात तेच दोन विषय पुन्हा घेतले. शिकवणी नाही, आरोग्य केंद्रातली वाळवी लागलेली पुस्तकं आणि मी. चांगले गुण पडले. पुढच्या वर्षी उपअधिष्ठाता डॉ. किंबो स्वतः खिडकीशी आले. मला वाटलं, झालं काम. "शाब्बास! पण पदवीनंतरचे गुण आम्ही धरत नाही रे. तू असं कर, कामाचा अनुभव घे. त्याला फार किंमत आहे." पाठ थोपटली. फाईल परत.

३. अनुभव घेतला. आमच्या बेटावर डॉक्टर कधीमधी येतो, समुद्र खवळला की तेही नाही, त्यामुळे अनुभवाला तोटा नाही. अडलेल्या बायांना होडीत घालून पलीकडे न्यायचो. एकीनं कळा देता देता माझं मनगट आवळून विचारलं, "डॉक्टर कधी होणार तू?" मी म्हटलं, "कॉलेजनं पुढच्या वर्षी बोलावलंय." आता आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. परीक्षेचे गुण शिळे झाले म्हणून परीक्षा पुन्हा दिली, आधीपेक्षा जास्त पडले. यंदा आलो तर मॅडम फेलिसा म्हणतात, "अनुभव छान आहे. पण अभ्यासात खंड पडलाय ना. समितीला ताजी मुलं लागतात."

महोदय, खंड आपणच पाडायला सांगितला!! टायपिंगमध्ये चुका असतील तर माफी. बटणं जरा जोरात दाबली जातायत.

४. माझ्या वर्गातली नोरालिन देलोरिया आता आपल्याकडे तिसऱ्या वर्षात जाईल. तिचे गुण माझ्यापेक्षा कमी. (हे लिहायची परवानगी तिनंच दिली आहे.) गेल्या आठवड्यात धक्क्यावर भेटली. मी म्हटलं, "तुला कसं घेतलं गं?" तर म्हणते, "मलाही हेच सांगितलं होतं. बिबिंकापण दिली. मी ती खाल्ली आणि फाईल काचेखालून परत आत ढकलली. शिक्का बसेपर्यंत हललेच नाही. मग प्रतीक्षा यादी. कुणीतरी आलं नाही, जागा उरली, मला बोलावलं. तू काय विचारत बसलास, गाढवा? विचारलं की सल्लाच मिळणार!"

५. मी त्याच पावली खिडकीवर येऊन विचारलं, की मला आजवर किती वेळा नाकारलंत? उत्तर आलं, "तुमचं नावच नाही आमच्याकडे. तुम्ही कधी अर्ज केलेला नाही." बरोबर आहे. कसं असेल?

६. आपल्या मुलखात कुणी कुणाला तोंडावर नाही म्हणत नाही, हे मला कळतं. मीही बारशाचं बोलावणं आलं की "बघतो" म्हणतो आणि जात नाही. बोलावणाराही समजून घेतो, पंगत अडत नाही. तसं "पुढच्या वर्षी ये" म्हणजे "येऊ नको" हे मला समजायला हवं होतं. नाही समजलं. मी खरंच पुढच्या वर्षी आलो. आणि त्याच्या पुढच्याही. इतका सरळ माणूस आपल्या खिडकीला झेपला नाही, हा माझा दोष की खिडकीचा?

७. माझे परीक्षेचे गुण या प्रवेशापुरतेच चालतात. शुक्रवारी खिडकी बंद होते. कमी गुणांच्या माणसानं अर्ज कधी करावा, हे मी आपल्याला तीनदा विचारलं. आता माझं मीच ठरवलंय. आत्ता. माझी सरासरी यापुढे सुधारणार नाही आणि मीही यापुढे ताजा होणार नाही.

सबब विनंती, की अर्जावर शिक्का मारावा. मुलाखतीला बोलवावं. नापास कसा झालास म्हणून खुशाल झापावं, माझ्याकडे उत्तर आहे. आणि नकोच असेन तर कागदावर ‘नाही’ एवढंच लिहून सही करावी. ‘नाही’ मिळालं तर मी दुसऱ्या दिवशी ताक्लोबानची बस धरून तिथल्या कॉलेजात अर्ज टाकीन. ‘पुढच्या वर्षी’ घेऊन कुठेच जाता येत नाही.

आपला, अजून तरी नम्र,

(सही)
क्रिसांतो मकाबेंता
पुगाद बेट, दि. ४ मार्च

सोबत : भरलेला प्रवेशअर्ज, पदवीचं गुणपत्रक (नापासासकट), नंतर घेतलेल्या दोन विषयांचं गुणपत्रक (आपण धरत नाही, तरी जोडलंय), पात्रता परीक्षेचा निकाल, आरोग्य केंद्राचा दाखला.